‘हित्महमेह’ : एक हिब्रू क्रियापद आणि त्याचे मराठी प्रतिशब्द

हिब्रू बायबलात ‘हित्महमेह’ हे क्रियापद अवघे नऊ वेळा आले आहे : उत्पत्ती आणि शास्ते ह्या ग्रंथांत प्रत्येकी दोनदा, आणि निर्गम, दुसरे शमुवेल, यशया, हबक्कूक व स्तोत्रसंहिता ह्यांत प्रत्येकी एकदा. कोशांत त्याचा अर्थ ‘रेंगाळणे, थांबणे, विलंब करणे’ असा एका ओळीत दिलेला असतो, आणि बहुतेक स्थळी त्या ओळीवर भागते असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. हबक्कूकच्या दुसऱ्या अध्यायातील तिसऱ्या वचनाशी मात्र ही ओळ अडते. संदेष्ट्याला मिळालेले दर्शन नेमलेल्या वेळेसाठी आहे. ते ‘हित्महमेह’ करील तर त्याची वाट पाहावी, कारण ते येणारच, ते ‘अखर’ करणार नाही, असा तेथील आशय आहे. ‘अखर’ हेही विलंबाचेच क्रियापद. दोहोंच्या जागी ‘विलंब’ घातला की वाक्य स्वतःलाच खोडून काढते : विलंब झाला तरी वाट पाहा, कारण विलंब होणार नाही.

१६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात नेमके हेच घडले आहे; दोन्ही जागी एकच इंग्रजी क्रियापद आहे, आणि इंग्रजी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी हा विरोध भक्तीच्या भरात गिळला. त्याहून पुष्कळ जुने भाषांतरकार अधिक सावध होते. ग्रीक सप्ततिकारांनी दोन निराळी क्रियापदे योजली. जेरोमच्या लॅटिनमध्येही पहिल्या ठिकाणी एक शब्दप्रयोग आहे व दुसऱ्या ठिकाणी दुसरा. म्हणजे दोन हिब्रू शब्दांत भेद आहे हे प्राचीनांना जाणवले होते. तो भेद कोणता, आणि मराठीत तो कसा राखता येईल, हा येथील प्रश्न आहे.

मराठीला हिब्रूचा परिचय नवा नाही. जॉन विल्सन ह्यांचे बेने इस्राएलांसाठी मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ साली निघाले. पासोव्हरच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ साली पुण्यात आणखी एक, सचित्र, हग्गादा निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्यासाठी आयुष्याचा मोठा भाग वेचला. पंडिता रमाबाईंनी तर केडगावी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलाचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ १९२४ साली मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला. सामान्य स्त्रीपुरुषांस कळेल अशा साध्या मराठीचा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे.

हा सारा उद्योग मुंबई, कोकण आणि पुणे ह्या पट्ट्यातला. मराठी बायबलाचा वाचक मात्र पूर्व विदर्भातही आहे. नागपूरच्या स्कॉटिश मिशनचे काम एकोणिसाव्या शतकातच भंडाऱ्यापर्यंत पोचले होते. प्रतिशब्दाची परीक्षा पुण्याच्या कानाने करावी आणि भंडाऱ्याच्या कानाने करू नये, ह्याला कोणतेही शास्त्रीय कारण नाही. किंबहुना ह्या एका क्रियापदापुरते पाहिले तर भंडारा जिल्ह्याची बोली भाषांतरकाराला एके ठिकाणी सावध करते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या हाती नेमका शब्द ठेवते. ती दोन्ही स्थळे पुढे यथाक्रम येतील.

प्रथम व्युत्पत्तीचा प्रश्न, कारण कोशकारांची धाव आधी तिकडेच असते. क्रियापद ‘म-ह-ह’ ह्या धातूचे, द्विरुक्त आणि आत्मवाचक अशा घडणीचे आहे. ‘मा’ म्हणजे ‘काय’. तेव्हा ‘काय, काय’ असे म्हणत अडखळणारा तो ‘हित्महमेह’ करणारा, अशी एक उपपत्ती पूर्वीपासून सांगितली जाते. अरबीत एखाद्यास आवरण्यासाठी ‘मह्’ असे म्हणतात व तेच दुहेरी करून ‘आवरणे, रोखणे’ अशा अर्थाचे क्रियापद होते, ही दुसरी तुलना. दोन्ही मनोरंजक आहेत. ‘काय करू, काय करू’ असे पुटपुटत दारात उभा राहिलेला मनुष्य मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चटकन उभा राहतो, म्हणून पहिली उपपत्ती प्रवचनकारांना विशेष प्रिय असावी. परंतु धातूतून अर्थ पिळून काढण्याची पद्धत किती फसवी आहे हे जेम्स बार ह्यांनी १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात पुरेसे दाखवून दिले आहे. ‘विलंब’ ह्या शब्दात ‘लोंबणे’ आहे म्हणून उशिरा येणारा कोणी लोंबत नसतो. अर्थ प्रयोगावरूनच ठरवला पाहिजे.

प्रयोगांत सर्वांत प्रसिद्ध तो उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायातला. सदोमवर अनर्थ कोसळणार आहे. पहाट झाली आहे. देवदूत लोटाला घाई करीत आहेत. आणि लोट ‘वय्यित्महमाह’ करतो. तेव्हा दूत त्याचा, त्याच्या बायकोचा व दोघी मुलींचा हात धरून त्यांना नगराबाहेर काढतात. तो का थांबला हे मूळ सांगत नाही. राशी हा मध्ययुगीन भाष्यकार सांगतो : आपला पैसाअडका वाचवावा म्हणून. हे भाष्य व्यवहारी आहे, पण मजकुरात त्याला आधार नाही. मजकुराला अधिक जवळची साक्ष वाचनपरंपरेची आहे. तोरा ज्या स्वरचिन्हांनी म्हटली जाते त्यांत ‘शलशेलेत’, म्हणजे साखळी, नावाचे एक दुर्मीळ चिन्ह आहे. पाचही ग्रंथांत ते केवळ चार ठिकाणी येते, आणि त्यांतले पहिले ह्याच शब्दावर आहे. वाचक त्या शब्दावर येतो आणि त्याचा आवाज वर-खाली हेलकावत राहतो. पुढचा शब्द लवकर येतच नाही. ज्यांनी ही चिन्हे बसवली त्यांनी लोटाच्या थांबण्यात मनाचे हेलकावे ऐकले होते, ह्यात शंका नाही.

मग मराठीत काय म्हणावे? ‘विलंब केला’ हे केवळ काळाचे मोजमाप झाले. त्यात मन नाही. ‘दिरंगाई केली’ हा शब्द अर्थाच्या अधिक जवळ जातो, परंतु त्याचे घर फारसी दप्तरातले. कागद वेळेवर पुढे न सरकवणाऱ्या कारकुनाच्या माथी मारावयाचा तो आरोप आहे, आणि लोटाच्या बाबतीत ग्रंथकार आरोप करीत नाही. ईश्वराला त्याची कणव आली म्हणून दूतांनी हात धरला, असे तो म्हणतो. ‘थांबून राहिला’ असे एखादा भाषांतरकार लिहील. पुण्यात ते चालेल. भंडाऱ्यात ते चालणार नाही, कारण विदर्भाच्या मराठीत ‘राहणे’ हे सहायक क्रियापद चालू क्रियेचे द्योतक आहे. ‘जेवून राहिलो’ म्हणजे ‘जेवतो आहे’, ‘येऊन राहिला’ म्हणजे ‘येतो आहे’. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात ह्या बाजूची मराठी ‘नागपुरी’ ह्या नावाने नोंदलेली आहे, आणि हा प्रयोग आज तुमसरपासून पवनीपर्यंत कोणत्याही बाजारात कानी पडतो. तेथील वाचकाला ‘लोट थांबून राहिला’ म्हणजे लोट ह्या क्षणी थांबतो आहे, एवढेच वाटेल. मागे राहण्याचा, पाय न निघण्याचा जो भाव पुणेकराला ‘राहिला’ ह्या शब्दात ऐकू येतो तो तेथे व्याकरणाने खाऊन टाकलेला असतो. बोलींचा विचार न करता केलेले भाषांतर चुकीचे नसूनही पोकळ कसे होते, त्याचे हे उत्तम उदाहरण.

लोटासाठी मराठीत शब्द आहे तो ‘घुटमळणे’. जावयाचे आहे हे ठाऊक असून जो उंबऱ्याभोवती फिरतो तो घुटमळतो. त्यात दोष येतो तो दयेसकट येतो. ‘रेंगाळणे’ हा त्याचा शेजारी, पण रेंगाळणाऱ्याला घाई नसते. लोटाच्या मागे आग आहे.

हेच क्रियापद शास्त्यांच्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात पुन्हा भेटते, आणि भाषांतरांत त्याची सर्वाधिक उपेक्षा तेथेच होते. एक लेवी आपल्या रुसून माहेरी गेलेल्या उपपत्नीला आणण्यासाठी बेथलेहेमास जातो. सासरा आनंदतो, तीन दिवस ठेवून घेतो. चौथ्या दिवशी निघायचे ठरते, तर सासरा म्हणतो, दोन घास खाऊन निघा. पाचव्या दिवशी पुन्हा तेच, आणि ह्या वेळी त्याच्या तोंडी आपले क्रियापद आज्ञार्थात आहे : दिवस कलेपर्यंत ‘हित्महमेह’ करा. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी त्याला भूतकाळी निवेदन समजून ‘ते थांबले’ असे केले आणि सासऱ्याच्या तोंडचा आग्रह नाहीसा केला. रूप दोन्ही बाजूंनी लावता येते हे खरे. परंतु आधीच्या सर्व आग्रहांच्या ओळीत आज्ञार्थच शोभतो. मराठी घरात हे वाक्य दर उन्हाळ्यात बोलले जाते. जावई निघायला उठतो आणि सासरेबुवा म्हणतात, ‘थांबा हो जरा, उन्हं उतरू द्या, मग निघा.’ येथे ‘विलंब करा’ असे लिहिणाऱ्याने मराठी पाहुणचार कधी ऐकलाच नसावा.

पण ह्या गोड आग्रहाचा शेवट भयंकर आहे. उशिरा निघालेला लेवी दिवस बराच कलल्यावर यबूसपाशी पोचतो, परक्यांच्या गावी उतरायला नको म्हणून पुढे गिब्याला जातो, आणि तेथे रात्री गावगुंड घराला वेढा घालतात. ती बाई सकाळी उंबऱ्यावर मरून पडलेली आढळते. घराला वेढा घालणारे नगर, आत आलेले पाहुणे, बाहेर काढून देण्याची मागणी, हा सारा प्रसंग सदोमच्या प्रसंगाचा जुळा आहे हे अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. त्या जुळेपणाच्या पुराव्यांत हे दुर्मीळ क्रियापदही धरले पाहिजे. सबंध बायबलात नऊ वेळा येणारा शब्द ह्या दोन कथांत एकेकदा यावा हा योगायोग मानणे कठीण आहे. एका कथेत थांबणाऱ्याचा हात धरून त्याला बाहेर काढणारे कोणी आहेत; दुसरीत थांबवणाराच प्रेमळ आहे, आणि हात धरणारा कोणी नाही. दोन्ही ठिकाणी मराठी शब्द एकच ठेवता आला तर वाचकाला हे नाते दिसेल. तो ठेवता येत नाही, कारण सासरा जावयाला ‘घुटमळा’ असे कधीच म्हणणार नाही. हे नुकसान भाषांतरकाराने जाणून सोसावे लागेल, आणि त्याची भरपाई तळटीपेत करावी लागेल.

उत्पत्तीच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात दुष्काळ आहे. बन्यामिनाला मिसरात पाठवायला म्हातारा याकोब तयार नाही, आणि यहूदा त्याला म्हणतो की आपण ‘हित्महमेह’ केले नसते तर एव्हाना दोनदा जाऊन परत आलो असतो. अडले होते ते बापाचे मन. पण मुलगा बापाला दोष देत नाही, प्रथमपुरुषी अनेकवचनात दोष वाटून घेतो. हिब्रूला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद नाही. मराठीला आहे, आणि येथे तो सोन्यासारखा उपयोगी पडतो : घुटमळलो ते ‘आपण’, जाऊन आलो असतो ते ‘आम्ही’. मुलाची सगळी अदब ह्या दोन सर्वनामांत बसते. मूळ हिब्रूला जे सांगता आले नाही ते मराठीला सांगता यावे, असे प्रसंग भाषांतरात थोडे येतात.

एहूदाची कथा आणि एकशे एकोणिसावे स्तोत्र ह्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. राजा एग्लोन आत मरून पडला आहे आणि सेवक, तो शौचाला बसला असेल ह्या संकोचाने, दाराबाहेर थांबून आहेत. त्यांच्या ह्या थांबण्यात एहूद निसटतो. स्तोत्रकर्ता म्हणतो की आज्ञा पाळण्यास त्याने त्वरा केली, ‘हित्महमेह’ केले नाही. दोन्ही ठिकाणी ज्या क्षणी हलावयास हवे त्या क्षणी न हलणे हाच अर्थ आहे.

निर्गमच्या बाराव्या अध्यायातले स्थळ महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचे. मिसरातून निघताना लोकांनी न आंबलेल्या कणकेच्या भाकरी भाजल्या, कारण त्यांना हाकलून लावण्यात आले होते आणि ‘हित्महमेह’ करणे त्यांना शक्य नव्हते. हग्गादेत बेखमीर भाकरीचे कारण सांगताना हेच वचन येते. त्यामुळे १८४६ पासून मराठीत हग्गादा वाचणाऱ्या प्रत्येक बेने इस्राएल घरात वर्षातून एकदा तरी ह्या क्रियापदाला मराठी अर्थ द्यावाच लागला. त्याही आधीची गोष्ट अधिक विलक्षण आहे. कोकणातल्या ज्या शतकांत ह्या समाजाजवळ हिब्रू ग्रंथ उरले नव्हते त्या शतकांतही वल्हांडणाचा सण टिकला होता. त्याचे मराठी नाव ‘अनाशी ढाकाचा सण’. आंबट रसाचे मडके झाकून ठेवण्याचा तो सण, असा खुलासा हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात केला आहे. शब्द विसरला गेला, शब्दामागचे कारण विसरले गेले, आणि आंबवण दूर ठेवण्याचा आचार तेवढा मडक्याच्या झाकणाखाली शिल्लक राहिला. पुढे छापील हग्गादेबरोबर कारण परत आले : आंबायला वेळ लागतो, आणि निघणाऱ्यांना तेवढाही वेळ नव्हता. येथे ‘रेंगाळणे’ किंवा ‘घुटमळणे’ ह्यांपैकी कोणताही शब्द नको. ‘थोडेही थांबण्याची सोय नव्हती’ असे साधे मराठी वाक्यच योग्य.

आतापर्यंतच्या स्थळांवरून हे क्रियापद दुबळेपणाचेच आहे असा ग्रह होईल. तो दूर होतो दाविदामुळे. अबशालोमाच्या बंडामुळे राजधानी सोडून निघालेला दावीद याजक सादोकाला परत पाठवतो आणि सांगतो की तुमच्याकडून निरोप येईपर्यंत आपण रानातल्या उतारांपाशी ‘हित्महमेह’ करीत राहू. लिहिलेल्या पाठात ‘उतार’ आहेत, वाचावयाच्या पाठात ‘मैदाने’. पुढे निरोप येतो आणि सर्वजण उजाडण्यापूर्वी यार्देन ओलांडतात हे लक्षात घेतले तर ‘उतार’ हाच पाठ अधिक पटतो. येथे संकोच नाही, मोह नाही, घुटमळ नाही. हा जाणीवपूर्वक केलेला मुक्काम आहे, पण बिछाना न उलगडता केलेला. पावसाळ्यात नदीच्या काठी पूर उतरण्याची वाट पाहत बसणारा वाटसरू असाच असतो. त्याचे गाठोडे बांधलेले असते. वैनगंगेवर पूल होण्यापूर्वीच्या काळात असा मुक्काम कोणाला चुकला असेल?

ह्या सर्व स्थळांत समान काय आहे? निघण्याची वेळ आलेली आहे. कर्ता अजून जागेवर आहे. आणि तो जागेवर का आहे ह्याचे कारण मोह, संकोच, आग्रह, डावपेच ह्यांपैकी काहीही असू शकते. क्रियापद कारण सांगत नाही, आणि वेळ चुकली की नाही हेही सांगत नाही. ते निघण्याच्या आधीच्या त्या ताणलेल्या अवकाशाला नाव देते, एवढेच. ‘अखर’ ह्याच्या उलट आहे. त्याला एक ठरलेला बिंदू लागतो, आणि तो बिंदू ओलांडला गेला असे ते सांगते. शास्त्यांच्या पाचव्या अध्यायात सीसराची आई खिडकीतून पाहत विचारते की त्याच्या रथाला इतका उशीर का. तेथे ‘अखर’ आहे, कारण परतण्याची वेळ टळून गेली आहे. मुलगा मारला गेला हे वाचकाला ठाऊक असते, तिला नसते. ह्याच प्रश्नात ‘बोशेश’ हे तिसरे क्रियापदही आहे. सीनायच्या पायथ्याशी लोकांनी मोशेविषयी तेच वापरले आणि पाठोपाठ वासरू ओतले. मोशेला उशीर झालेला नव्हता. खाली वाट पाहणाऱ्यांना तो झाल्यासारखा वाटला.

यशयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले स्थळ वादग्रस्त आहे. तेथे ‘थांबा आणि चकित व्हा’ असा काहीसा विसंगत जोड येतो. लगेच पुढच्या जोडीत एकाच धातूची दोन रूपे आहेत. त्यावरून पहिल्या जोडीतही ‘चकित होणे’ ह्याचीच दोन रूपे असावीत व आपले क्रियापद तेथे लेखनदोषाने शिरले असावे, अशी दुरुस्ती अनेक आधुनिक संपादक सुचवतात. ती स्वीकारार्ह दिसते, आणि स्वीकारली तर नवांचे आठ होतात.

आता हबक्कूककडे परतता येते. दर्शन ‘नेमलेल्या वेळेसाठी’ आहे असे वचन आधीच सांगते. म्हणजे ‘अखर’ ज्या बिंदूवरून मोजावयाचे तो बिंदू वाक्यातच आहे, परंतु तो वाट पाहणाऱ्याला ठाऊक नाही. त्याला दिसतो तो फक्त अवकाश. त्या अवकाशाला ‘हित्महमेह’ म्हटले आहे. बिंदू चुकणार नाही ह्याला ‘अखर नाही’ म्हटले आहे. विरोध कोठेच उरत नाही. मात्र मराठीत ‘घुटमळणे’ येथे चालत नाही, कारण दर्शनाला पाय नाहीत आणि मोहही नाहीत. ‘विलंब’ चालत नाही हे पाहिलेच. ‘खोळंबणे’ म्हणजे दुसऱ्याने अडवले जाणे. ईश्वराने नेमलेल्या गोष्टीला अडवणारा कोण?

ह्या ठिकाणी भंडाऱ्याचे शेत उपयोगी पडते. हा धानाचा जिल्हा आहे. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला तरी दोन्हीकडची शेती रोवणीचीच. मृगात पऱ्हे टाकायचे, रोपे साधारण तीन-चार आठवड्यांची झाली की चिखलणी करून रोवणी करायची, असा क्रम. बांधीत पाणी साचेल एवढा पाऊस आला नाही तर बोली तीन निराळी क्रियापदे वापरते आणि त्यांची गल्लत करीत नाही. पाऊस ‘लांबतो’. रोवणी ‘खोळंबते’. आणि पऱ्हे पिवळे पडून वयाबाहेर गेले म्हणजे ‘उशीर’ होतो. पाऊस लांबला असे म्हणणारा शेतकरी पऱ्हे मोडून टाकीत नाही. तलावाचे किंवा बोडीचे पाणी मिळाले तर ते रोपांना देऊन त्यांना जगवतो, कारण ‘लांबला’ ह्या शब्दात ‘येईल’ हे गृहीत आहे. येणारच नाही अशी खात्री झाली की तो ‘लांबला’ म्हणत नाही, ‘दगा दिला’ म्हणतो. ‘लांबणे’ आणि ‘उशीर होणे’ ह्या दोन क्रियांत हबक्कूकची दोन्ही क्रियापदे जशीच्या तशी मिळतात. दर्शन लांबले तरी वाट पाहावी. ते येईलच, त्याला उशीर होणार नाही. हे वाक्य भंडाऱ्यातल्या शेतकऱ्याला टीपेवाचून कळेल, आणि त्यात त्याला विरोध दिसणार नाही.

ह्या निवडीवर एक आक्षेप संभवतो. आश्विनात ‘पाऊस लांबला’ असे म्हटले तर त्याचा अर्थ उलटा, म्हणजे पाऊस जाता जात नाही, असा होतो. आक्षेप खरा आहे, पण तो शब्दाच्या विरुद्ध जात नाही. हिब्रू क्रियापदही तसेच दुतोंडी आहे : लोट निघत नाही आणि दर्शन येत नाही, दोहोंना एकच शब्द. कोणते तोंड पाहायचे हे प्रसंग ठरवतो.

शिवाय ‘लांबणे’ ह्याला एक प्राचीन साक्षीदारही आहे. १९४७ साली मृत समुद्राकाठच्या गुहेत जी हस्तलिखिते सापडली त्यांत हबक्कूकवरची एक टीका होती. ती १९५० साली प्रसिद्ध झाली. ह्याच वचनाचा अर्थ सांगताना तो दोन हजार वर्षांपूर्वीचा टीकाकार दोन शब्द वापरतो : अंतिम काळ ‘लांब होईल’, आणि तो सत्यनिष्ठांवर ‘ताणला जाईल’, तरी त्यांचे हात सेवेत ढिले पडणार नाहीत. कारण सर्व काळ आपल्या नेमक्या मापाला येऊन पोचतात, असे तो पुढे सांगतो. ज्या समाजाने शेवट जवळ आला म्हणून वाळवंट गाठले आणि मग शेवट आला नाही, त्या समाजाच्या माणसाने हे लिहिले आहे. त्याला ह्या दोन क्रियापदांतला भेद चुकवणे परवडणारे नव्हते.

तालमुदाच्या सन्हेद्रीन प्रकरणातही हेच वचन ह्याच कारणासाठी उभे केले आहे. शेवटाची गणिते मांडणाऱ्यांना तेथे कडक शाप आहे, कारण गणितातली तारीख टळली की असे लोक ‘आता तो येणारच नाही’ असे म्हणू लागतात. म्हणजे जे केवळ लांबले आहे त्याला ते चुकलेले ठरवतात. बाराव्या शतकात मायमोनिदीसने श्रद्धेची तेरा तत्त्वे सांगितली तेव्हा मशीहाच्या आगमनाच्या बाराव्या तत्त्वाला त्याने हबक्कूकचे हेच वचन जोडले, आणि त्याच्यासाठी वेळ ठरवू नये असेही बजावले. त्या तत्त्वांवरून पुढे तयार झालेले आणि प्रार्थनापुस्तकांत शिरलेले श्रद्धावचन आपल्या क्रियापदासह आजही म्हटले जाते.

ह्या श्रद्धावचनाचे मराठी करताना ‘लांबणे’ थोडे बदलून घ्यावे लागते. पाऊस लांबतो, लग्न लांबते, निकाल लांबतो. माणूस मात्र लांबत नाही, त्याचे ‘येणे लांबते’. तेव्हा मशीहाविषयी ‘त्याचे येणे लांबले तरी’ असे म्हणावे. ‘त्याने विलंब केला तरी’ ह्या रचनेत ठपका येतो, ‘त्याला उशीर झाला तरी’ ह्या रचनेत वेळ टळल्याची कबुली येते, आणि मूळ वाक्यात ह्यांपैकी काहीच नाही.